टीएमएस उपचारात कान कसे सांभाळावेत : पहिल्या पल्सच्या आधीपासून शेवटच्या सेशनपर्यंत

टीएमएस म्हणजे ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन : डोक्याला कॉइल (तारेचे वेटोळे) टेकवून चुंबकीय पल्सनी, म्हणजे क्षणिक झटक्यांनी, मेंदूला उत्तेजना देणारा, नैराश्यासारख्या आजारांवरचा उपचार. प्रत्येक पल्सला कॉइलचा मोठा आवाज होतो, म्हणून कानांत प्लग घालावे लागतात. टीएमएसच्या खोलीत कानांच्या बाबतीत होणारी चूक बहुतेक वेळा एकाच जागी होते. रुग्ण खुर्चीत बसतो, डोक्यावर टोपी चढते, मोजमापे आणि खुणा होतात, मोटर थ्रेशोल्ड (अंगठा हलण्यापुरती कमीत कमी तीव्रता) ठरवण्यासाठी एकामागून एक पल्स देऊन अंगठा हलतो का ते पाहिले जाते आणि हे सगळे उरकल्यावर, प्रत्यक्ष उपचाराचे बटण दाबण्यापूर्वी कुणाला तरी आठवते की कानांत प्लग घालायचे राहिले. तोपर्यंत रुग्णाच्या उघड्या कानांपासून काही सेंटिमीटरवर पन्नास-साठ पल्स होऊन गेलेले असतात. त्यातले कित्येक उपचाराच्या तीव्रतेच्या आसपासचे असतात, कारण योग्य जागा सापडेपर्यंत तीव्रता वाढवत नेलेली असते.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे आणि टीएमएस घेणाऱ्यांच्या श्रवणचाचण्या करते. दुर्लक्ष करणारे लोक मला फारसे भेटलेले नाहीत. काळजी घेणारे, पण क्रम चुकवणारे मात्र पुष्कळ भेटले. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. तो यंत्र चालवणारे तंत्रज्ञ, परिचारिका आणि डॉक्टर यांच्यासाठी आहेच, पण उपचार घेणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही तो वाचावा, कारण यातल्या निम्म्या तपासण्या खुर्चीत बसलेला माणूस स्वतः करू शकतो.

हा आवाज फसवा का आहे

कॉइलमधून क्षणभर हजारो अँपिअरचा प्रवाह जातो, त्यातून साधारण दीड ते दोन टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्या क्षेत्रात तारेचे वेढे एकमेकांना जोराने ढकलतात. हा यांत्रिक धक्का कॉइलच्या कवचापर्यंत पोचतो आणि ‘टक्’ असा आवाज होतो. हा आवाज काही मिलिसेकंदच टिकतो. आवाज किती मोठा आहे याचा अंदाज आपला कान साधारण पाव सेकंदाच्या हिशेबाने घेतो, त्यामुळे त्याहून फार लहान असलेला आवाज प्रत्यक्षापेक्षा बराच हळू भासतो. टेबलावर बोटाने टिचकी मारल्यासारखा तो वाटतो, आणि एवढ्याशा आवाजाला प्लग कशाला, हा प्रश्न तिथूनच निघतो. कानाच्या आतल्या नाजूक केसपेशींवर मात्र आदळतो तो आवाजाचा उच्चांक, आणि तो भासण्यावर अवलंबून नसतो.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या टीएमएस-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत नोंद आहे की हा उच्चांक १४० डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो. सगळ्या कॉइल इतक्या मोठ्या आवाजाच्या नसतात. २०२० मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी सात कॉइलांची तुलना केली, तेव्हा २५ सेंटिमीटर अंतरावर एका पल्सचा उच्चांक ९८ पासून १२५ डेसिबलपर्यंत आढळला. म्हणजे एका दवाखान्यातला अनुभव दुसऱ्या दवाखान्यातल्या कॉइलला लावता येत नाही. शिवाय रुग्णाचा कान २५ सेंटिमीटरवर नसतो, त्याहून पुष्कळ जवळ असतो.

मोजपट्टी म्हणून आपल्याकडच्या कारखाने अधिनियमाखालील आदर्श नियमांकडे पाहता येईल. ते दवाखान्यांसाठी लिहिलेले नाहीत, पण अशा क्षणिक आवाजांचा हिशेब त्यांत स्पष्ट दिला आहे : १४० डेसिबलचे दिवसाला जास्तीत जास्त १०० आघात, १३० चे १०००, १२५ चे ३१६० आणि १२० चे १०,०००. नैराश्यासाठीच्या नेहमीच्या १० हर्ट्झच्या एका सेशनमध्ये ३००० पल्स असतात. १२५ डेसिबलची कॉइल असेल, तर एकाच सेशनमध्ये कामगाराचा दिवसभराचा वाटा जवळजवळ संपतो, आणि असे सेशन आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे चालते.

कानांत व्यवस्थित प्लग असताना केलेल्या बहुतेक अभ्यासांत ऐकण्यात बदल आढळलेला नाही. २००९ च्या त्याच सूचनांत कायमचे श्रवणनुकसान झालेल्या एका व्यक्तीची नोंद आहे, आणि त्या व्यक्तीने प्लग घातलेले नव्हते.

टप्पा १ : पहिल्या भेटीपूर्वी कानाचा इतिहास आणि तपासणी

डोक्यात धातू आहे का, फिट आली होती का, हे प्रश्न सगळीकडे विचारले जातात. त्याच कागदावर कानांचे प्रश्न असावेत. ऐकू कमी येते का? कानात शिट्टीसारखा किंवा गुणगुणल्यासारखा आवाज होतो का? कान वाहतो का? पडद्याला भोक आहे का, शस्त्रक्रिया झाली आहे का? गिरणीत, छापखान्यात, प्रेसशॉपमध्ये काम केले आहे का? ढोलपथकात वाजवता का? हा शेवटचा प्रश्न पुण्यात तरी विचारलाच पाहिजे.

औषधांचा प्रश्न नेमका विचारावा. ‘कानाला अपायकारक औषध घेतले का’ असे विचारल्यावर कुणीच हो म्हणत नाही. क्षयरोगासाठी इंजेक्शने घेतली होती का, असे विचारल्यावर स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन किंवा अमिकासिन यांची आठवण निघते. कर्करोगासाठी सिस्प्लॅटिन चालू आहे किंवा झाले आहे का, हेही विचारावे. अशी औषधे चालू असलेल्या रुग्णांत आणि आवाजामुळे आधीच श्रवणदोष आलेल्यांत उपचाराचा फायदा धोक्यापेक्षा स्पष्टपणे जास्त असेल तरच टीएमएस द्यावे, असे मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि हा निर्णय डॉक्टरांनी लेखी नोंदवावा.

यानंतर कानात ऑटोस्कोपने पाहावे. मळाचा घट्ट गोळा असेल तर प्लग नीट बसत नाही आणि बसवताना मळ आणखी आत ढकलला जातो. मळ कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून काढून घ्यावा. घरी हेअरपिनने किंवा काडीने कान कोरून येण्यास स्पष्ट मनाई करावी, कारण ओरखडलेल्या नळीत फोम घातला की दुखते आणि रुग्ण दुसऱ्या दिवसापासून प्लग नाकारतो.

मग ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतची शुद्धस्वर चाचणी करावी आणि तीत ३००० व ६००० हर्ट्झ वगळू नयेत. आवाजाचे नुकसान बहुधा ४००० च्या आसपास खाचेसारखे दिसते आणि शेजारचे बिंदू नसतील तर ती खाच खरी की चाचणीतली चूक, हे ठरवता येत नाही. चाचणीपूर्वी किमान १४ तास कान शांततेत असावेत. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीच्या दुसऱ्या सकाळी किंवा दिवाळीत फटाक्यांच्या रात्रीनंतर घेतलेला आलेख आधाररेषा म्हणून निरुपयोगी असतो, कारण त्यात तात्पुरता बधिरपणा मिसळलेला असतो आणि पुढे खरे नुकसान झाले तरी ते त्याच्याआड लपते.

*इशारा :* कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेले श्रवणसाधन) असलेल्या व्यक्तीला टीएमएस देऊ नये. तिथे प्रश्न आवाजाचा नसून चुंबकीय क्षेत्राचा आहे आणि प्लगने तो सुटत नाही. श्रवणयंत्र वेगळे. ते काढून ठेवता येते आणि खोलीबाहेर ठेवावेच लागते.

टप्पा २ : प्लगची निवड आणि साठा

नैराश्यासाठीच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत सहसा किमान ३० डेसिबल आवाज कमी करणारे संरक्षण सांगितलेले असते. पाकिटावर हा आकडा एनआरआर किंवा एसएनआर या नावाने छापलेला असतो. एनआरआर अमेरिकी आणि एसएनआर युरोपीय पद्धतीचा आहे. एकाच प्लगचा एसएनआर सहसा एनआरआरपेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून दोन पाकिटांची तुलना करताना एकाच पद्धतीचे आकडे घ्यावेत. महत्त्वाची गोष्ट अशी की हा आकडा प्रयोगशाळेत, काळजीपूर्वक बसवलेल्या प्लगचा असतो. अमेरिकेतील नायॉश ही संस्था फोमच्या प्लगसाठी पाकिटावरचा आकडा प्रत्यक्षात निम्मा धरायला सांगते. ३३ चा प्लग नीट बसला नाही तर तो १६ चाही उरत नाही. त्यामुळे महागडा प्लग घेण्यापेक्षा साधा प्लग नीट बसवायला शिकणे अधिक उपयोगाचे.

फोमचे, दोरी नसलेले, निदान दोन मापांचे प्लग ठेवावेत. बऱ्याच स्त्रियांच्या कानाची नळी अरुंद असते आणि एकच मोठे माप ठेवलेल्या दवाखान्यात त्यांच्या कानांत प्लग अर्धाच जातो. दोरीचे प्लग कॉइलमध्ये अडकतात आणि ओढले जातात. हे प्लग भोसरी-चाकणसारख्या औद्योगिक भागांतल्या सुरक्षासामग्रीच्या दुकानांत सहज मिळतात, मात्र तिथे एक गोष्ट तपासून घ्यावी. अन्न आणि औषध कारखान्यांसाठी धातुशोधक यंत्राला सापडतील असे प्लग बनवतात आणि त्यांच्या आत धातूचा कण असतो. ते टीएमएससाठी चालत नाहीत.

आता ज्या गोष्टी प्लगची जागा घेत नाहीत त्यांबद्दल. कापसाचा बोळा जेमतेम काही डेसिबल अडवतो. मोबाइलचे इअरबड, आवाज रद्द करणारे हेडफोन, श्रवणयंत्र बंद करून तसेच ठेवणे, यांतले काहीही चालत नाही. आवाज रद्द करणारे तंत्र सलग घरघरीसाठी असते, अचानक येणाऱ्या टकटकीला ते पुरे पडत नाही, शिवाय त्या सगळ्यांत धातू आणि विद्युतमंडले असतात. कानावरून बसणाऱ्या इअरमफच्या पट्टीत बहुधा पोलादी स्प्रिंग असते आणि ती पट्टी नेमकी कॉइलच्या वाटेत येते. रुग्णासाठी म्हणून फोमच बरा. यंत्र चालवणाऱ्याला इअरमफ चालतात, पण तो कॉइल हातात धरत असेल तर त्यानेही फोमच वापरावा.

टप्पा ३ : खोली आणि यंत्र

दिवसाच्या पहिल्या रुग्णाआधी कॉइलकडे पाहावे. कवचाला चीर आहे का, केबलचा जोड सैल आहे का, आणि कालपेक्षा टकटक वेगळी येते आहे का? नेहमीच्या कोरड्या ‘टक्’ऐवजी खुळखुळल्यासारखा किंवा फुटका आवाज येऊ लागला तर कॉइल वापरातून बाजूला काढावी. आतली बांधणी सैल झाली की आवाज वाढतो, आणि तिथे कानांपलीकडचेही धोके असतात. ही चाचणी-पल्स देतानाही खोलीतल्या प्रत्येकाच्या कानांत प्लग असावेत.

फोनवरील ॲपने आवाज मोजून ‘८५ दाखवतो, म्हणजे सुरक्षित’ असा निष्कर्ष काढलेला मी पाहिला आहे. फोनचा मायक्रोफोन इतक्या उच्च आणि इतक्या क्षणिक आवाजाला मुळातच अपुरा पडतो, आणि ॲप सरासरी दाखवते, उच्चांक दाखवत नाही. नेहमीच्या ध्वनिमापकाची संथ किंवा जलद मोजणीही इथे चुकीची असते, त्यासाठी उच्चांक नोंदवणारी मोजणी लागते. मायक्रोफोन कॉइलच्या फार जवळ नेला तर चुंबकीय क्षेत्र त्याच्या तारेत स्वतःचाच खोटा संकेत उठवते. मोजणी करायचीच असेल तर ती जाणकाराकडून करून घ्यावी. आणि मोजणीचा निकाल कितीही चांगला आला तरी प्लग सोडू नयेत.

टप्पा ४ : बोलणे आधी, प्लग नंतर, टोपी त्यानंतर

प्लग घातले की रुग्णाला तुमचे बोलणे नीट ऐकू येत नाही. म्हणून सांगायचे ते सगळे आधी सांगावे : आज काय होणार, किती वेळ लागणार, डोक्यावर टिचक्या मारल्यासारखे वाटेल, भुवई किंवा जबडा उडेल. आणि एक खूण ठरवावी. डावा हात वर केला की लगेच थांबायचे, ही माझ्या मते सर्वांत सोपी खूण, पण मोटर थ्रेशोल्डच्या वेळी ज्या हाताकडे आपण पाहत असतो तो हात खुणेसाठी नको. खूण ठरवल्यावर रुग्णाकडून एकदा करवून घ्यावी, नुसती मान डोलावून घेऊ नये.

मग कानातले, बुगडी, चमकी, केसांतल्या पिना, चष्मा आणि श्रवणयंत्र काढून घ्यावे आणि फोन व बँकेची कार्डे बाहेर ठेवावीत. श्रवणयंत्र वापरणाऱ्या आजोबांना ते काढल्यावर काहीच ऐकू येत नसेल, तर सूचना मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून समोर धराव्यात.

*तपासणी :* कानाला तेलाचा किंवा अत्तराचा हात लागला आहे का ते पाहावे. सर्दी होऊ नये म्हणून कानात खोबरेल तेल सोडून येणारे, कानात अत्तराचा फाया ठेवणारे अजून पुष्कळ आहेत. तेलकट नळीत फोम टिकत नाही, पल्सगणिक सरकत बाहेर येतो. कान कोरड्या कापडाने बाहेरून पुसावा. तेल आत असेल तर त्या दिवशी प्लग टिकेल की नाही हे टप्पा ६ प्रमाणे जास्त काळजीने पाहावे, आणि टिकत नसेल तर सेशन पुढे ढकलावे.

टप्पा ५ : प्लग बसवणे

इथे घाई करू नये. सगळ्या लेखातली सर्वांत उपयोगी कृती हीच आहे.

हात धुवून कोरडे करावेत. प्लग अंगठा आणि पहिल्या दोन बोटांमध्ये धरून, सुरुवातीला हलक्या आणि मग वाढत्या दाबाने वळावा. दिव्याची वात वळतात तसा, मात्र पीळ न देता. वळून झाल्यावर तो उदबत्तीसारखा बारीक, सरळ आणि सुरकुत्या नसलेला दिसला पाहिजे. सुरकुती राहिली तर फुगल्यावरही तिथे बारीक फट उरते, आणि आवाज त्या फटीतून आत येतो. चिमटीत दाबून चपटा केलेला प्लग म्हणजे वळलेला प्लग नव्हे.

वळलेला प्लग उजव्या हातात असेल तर डावा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन उजव्या कानाची पाळी वरच्या भागाला धरून वर आणि मागे ओढावी. मोठ्या माणसाच्या कानाची नळी वाकडी असते, ती या ओढीने सरळ होते. लहान मुलांत पाळी खाली आणि मागे ओढावी लागते. नळी सरळ झाली की प्लग एका हालचालीत आत सारावा आणि बोटाच्या टोकाने तीस ते चाळीस सेकंद तसाच धरून ठेवावा. फोम फुगताना स्वतःला बाहेर ढकलतो, आणि बोट लवकर काढले तर तो निम्मा बाहेर येऊन थांबतो. मी रुग्णांना सावकाश चाळीसपर्यंत मोजायला सांगते. मोजता मोजता आजूबाजूचा आवाज विझत जातो हे त्यांच्या लक्षात येते, आणि पुढच्या वेळी प्लग नीट बसला का हे त्यांचे त्यांनाच कळते.

पहिले दोन-तीन दिवस तंत्रज्ञाने स्वतः प्लग बसवावेत. नंतर रुग्ण शिकला तरी तपासणी तंत्रज्ञाचीच. पाकीट हातात देऊन ‘घाला’ म्हणणे म्हणजे संरक्षण दिले असे होत नाही.

*इशारा :* कानात वेदना झाली, खाज आली किंवा आधीच कान वाहत असेल तर प्लग रेटू नये. त्या दिवशीचे सेशन थांबवून कान दाखवून घ्यावा. एक सेशन पुढे गेल्याने उपचार बिघडत नाही.

टप्पा ६ : बसला की नाही याची खात्री

समोरून चेहऱ्याकडे पाहावे. नीट बसलेला प्लग समोरून दिसत नाही. कानाच्या बाहेर फोमचे टोक डोकावत असेल तर तो वरवर अडकलेला आहे. रुग्णाला ‘एक, दोन, तीन’ म्हणायला सांगावे, स्वतःचा आवाज हंड्यात बोलल्यासारखा घुमला पाहिजे. मग एसी किंवा पंख्याच्या सलग आवाजात दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबून पुन्हा काढायला सांगावे. प्लग चांगला असेल तर हात लावल्याने फारसा फरक पडत नाही. फरक स्पष्ट जाणवला तर प्लगने जे करायला हवे होते ते हातांनी केले, म्हणजे प्लग पुन्हा बसवायचा. दोन्ही कान वेगवेगळे तपासावेत, कारण एकाच माणसाच्या दोन नळ्या सारख्या असतीलच असे नाही.

कॉइलचा एखादा पल्स कानाजवळ देऊन ‘ऐकू येतो का’ असे कधीही तपासू नये.

टप्पा ७ : मोटर थ्रेशोल्ड आणि उपचार

आता कुठे पहिला पल्स. टोपी घालताना आणि खुणा करताना कानांभोवती हात फिरतो, म्हणून टोपी बसल्यावर प्लगवर बोट ठेवून पुन्हा एकदा पाहावे. कॉइल टेकवतानाही तिची कड कानाच्या वरच्या बाजूला लागून पाळी दुमडली जात नाही ना हे पाहावे. कर्णनादासाठी (कानात सतत आवाज होण्याच्या त्रासासाठी) किंवा कानाच्या वरच्या भागातील मेंदूवर उपचार असेल तर कॉइल जवळजवळ कानावरच असते आणि ही काळजी दुपटीने घ्यावी लागते.

पल्सच्या पहिल्या काही मालिकांत एक प्रश्न हमखास येतो : प्लग घातले तरी ऐकू येते, मग त्यांचा उपयोग काय? कॉइल कवटीला टेकलेली असते आणि धक्क्याचा काही भाग हाडातून थेट आतल्या कानापर्यंत पोचतो. तो भाग प्लग अडवू शकत नाही. हवेतून येणारा मोठा भाग मात्र प्लगच अडवतो. हे रुग्णाला आधीच सांगून ठेवावे, नाही तर तिसऱ्या दिवशी तो प्लग खिशात ठेवून येतो.

दुसरी अडचण जबड्याची. कपाळाच्या बाजूच्या उपचारात कानशिलाजवळचे स्नायू प्रत्येक पल्सबरोबर आकसतात, रुग्ण दात आवळतो, आणि कानाच्या नळीची पुढची भिंत जबड्याच्या सांध्याला लागून असल्याने प्लग तीळ तीळ बाहेर सरकतो. मी एकदा पूर्ण सेशनभर एका रुग्णाच्या डाव्या कानाकडे पाहत बसले होते. सुरुवातीला न दिसणारा केशरी फोम पंधराव्या मिनिटाला नखाएवढा बाहेर होता, आणि रुग्णाला त्याचा पत्ता नव्हता, कारण आवाज हळूहळू वाढत गेला की तो वाढल्याचे कळत नाही. दोन मालिकांमधल्या २६ सेकंदांच्या विश्रांतीत दर पाच-सहा मिनिटांनी दोन्ही कानांकडे पाहणे एवढाच त्याला उपाय आहे.

प्लग निघाल्याचे दिसले तर पुढची मालिका सुरू होऊ देऊ नये. कॉइल बाजूला घ्यावी, नवा प्लग वळून टप्पा ५ आणि ६ पुन्हा करावेत, आणि साधारण किती पल्स उघड्या कानाने झाले असावेत ते नोंदवावे. निघालेला प्लग बोटाने आत ढकलून काम भागवू नये. फुगलेला फोम ढकलला तरी सीलबंद होत नाही.

*थीटा-बर्स्टविषयी :* तीन मिनिटांत ६०० पल्स देणारी थीटा-बर्स्ट पद्धत वापरली की ‘एवढ्याशा वेळासाठी चाळीस सेकंद प्लग कशाला धरायचे’ अशी कुरकुर होते. वेळ कमी असला तरी आघात दाट असतात. एका दिवसात १८०० पल्सची दहा सेशन देणाऱ्या गतिमान पद्धतीत तर दिवसाचे १८,००० पल्स होतात. तिथे मधल्या ५० मिनिटांच्या विश्रांतीत प्लग काढावेत, आणि प्रत्येक सेशनला नवी जोडी आणि नवी तपासणी असावी.

संशोधनातल्या नकली उपचाराच्या कॉइललाही हेच लागू आहे. तिचा आवाज खऱ्यासारखाच ठेवलेला असतो. एमआरआय यंत्राच्या आत टीएमएस दिले जाते तेव्हा तर बाहेरच्या प्रबळ क्षेत्रामुळे वेढ्यांवरचा जोर आणि आवाज दोन्ही वाढतात, त्यामुळे तिथे नेहमीच्या प्लगवर समाधान मानू नये.

टप्पा ८ : सेशननंतर

प्लग हळूहळू, थोडा पिळत काढावा. झटक्याने ओढला तर नळीत पोकळी निर्माण होऊन पडद्यावर ताण येतो. वापरलेला फोम फेकून द्यावा.

रुग्णाला रोज तीनच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे नोंदवावीत : कान दडे बसल्यासारखे वाटतात का, काही आवाज होतो का, ऐकू कमी येते का? उत्तर ‘हो’ असेल तर त्या दिवशी घरी टीव्हीचा आवाज, मिरवणूक, मिक्सर यांपासून दूर राहायला सांगावे आणि लवकरात लवकर ऑडिओमेट्री करावी. आधाररेषेशी तुलना करताना एका स्वराला २० डेसिबल किंवा शेजारच्या दोन स्वरांना प्रत्येकी १० डेसिबल घसरण दिसली तर ती गंभीर समजून उपचार थांबवावा, प्लग बसवण्याची पद्धत पुन्हा पाहावी आणि मगच पुढचे ठरवावे.

*इशारा :* एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर ‘उद्या पाहू’ म्हणू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. अशा बहिरेपणावरचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितका त्यांचा उपयोग जास्त असतो.

तक्रार नसली तरी सर्व सेशन संपल्यावर एकदा, पहिल्यासारखीच, शांत कानांनी ऑडिओमेट्री करावी. पुढे काही महिन्यांनी देखभालीची सेशन घ्यायची असतील तर हा आलेख त्यांची आधाररेषा ठरतो.

टप्पा ९ : खोलीतले बाकीचे कान

रुग्ण सहा आठवडे येतो, तंत्रज्ञ वर्षभर तिथेच असतो. दिवसाला आठ रुग्ण आणि प्रत्येकी ३००० पल्स धरले तर त्याच्या आजूबाजूला रोज २४,००० आघात होतात. कॉइल हाताने धरणाऱ्याचा कान रुग्णाच्या कानापासून फार दूर नसतो. तंत्रज्ञाने प्रत्येक सेशनला प्लग घालावेत (कॉइल हातात धरत नसेल तर इअरमफही चालतील), कामाला लागताना एक आणि पुढे दरवर्षी एक ऑडिओमेट्री करून घ्यावी, आणि तिचा आलेख स्वतःजवळही ठेवावा.

सोबत आलेली आई, बहीण किंवा नवरा शक्यतो बाहेर बसावा. रुग्णाला आधार म्हणून आत बसायचे असेल तर त्यांच्याही कानांत प्लग घालून टप्पा ६ करावा. मूल मांडीवर घेऊन आत बसू देऊ नये. मोठ्यांच्या मापाचा प्लग त्याच्या कानात बसत नाही, आणि बसल्यासारखा दिसला तरी आवाज अडवत नाही. रुग्णच लहान मूल असेल तर लहान मापाचे प्लग आधी मागवून, घरी दोन दिवस सराव करून घेऊन मगच सेशनची तारीख द्यावी.

हल्ली फिजिओथेरपी आणि मूत्ररोग विभागांत सांधेदुखीसाठी किंवा ओटीपोटाच्या स्नायूंसाठी चुंबकीय उत्तेजना देणारी यंत्रे आणि खुर्च्या येत आहेत. त्यांचा आवाजही त्याच कारणाने होतो. तिथे कान दूर असल्याने धोका कमी असतो, पण मानेला किंवा खांद्याला कॉइल लावताना ती कानाशी येते, तेव्हा पहिल्या पल्सच्या आधी टप्पा ५ आणि ६ जसेच्या तसे करावेत.

सेशनच्या नोंदवहीत तीव्रता आणि पल्सच्या रकान्यांशेजारी आणखी चार रकाने आखून घ्यावेत : उजवा प्लग तपासला, डावा प्लग तपासला, मध्ये निघाला का, आणि नंतरच्या तीन प्रश्नांची उत्तरे. पहिले दोन रकाने भरल्याशिवाय कॉइल डोक्याला लावायची नाही, असा खोलीचा नियम ठेवावा.